पक्ष, साध्य आणि ओले सरपण

गेल्या चवथीला गावच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. दुपारचे जेवण आटोपले, पुरुषमंडळी सोप्यावर लवंडली, बाहेर पाऊस. माझ्या भाचीची मुलगी, नववीतली, एका कोपऱ्यात भूमितीची वही घेऊन बसली होती. सुट्टीनंतर लगेच चाचणी. मी सहज वहीत डोकावलो. पानावर वर 'गिव्हन', त्याखाली 'टू प्रूव्ह', त्याखाली 'प्रूफ'. चौथीपर्यंत ती मराठी शाळेत होती, पाचवीपासून इंग्रजीत गेली. तिच्या वयाच्या पुष्कळ गोवेकर मुलांची हीच गोष्ट.

मी म्हणालो, "आमच्या वेळी आम्ही पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे लिहायचो."

तिने मान वर केली. "पक्ष म्हळ्यार पार्टी न्हय?"

सोप्यावर हशा पिकला. कुणी पितृपक्षाची आठवण काढली, कुणी आमच्या आमदारांच्या पक्षांतराची. मीही हसलो. पण मनात आले की, अरे, भूमितीत 'पक्ष' म्हणजे काय हे मला तरी कुठे ठाऊक आहे? 'पक्ष' म्हणजे 'दिलेले' एवढेच सरांनी सांगितले होते आणि आम्ही पाठ केले होते.

तिचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. पुस्तकात एक प्रमेय होते: त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतील तर त्यांच्या समोरचे कोन समान असतात. त्याच्या पुढच्याच पानावर त्याचे उलट: दोन कोन समान असतील तर त्यांच्या समोरच्या बाजू समान असतात. तिचे म्हणणे, "एकदा सिद्ध केले ना? मग उलटे पुन्हा कशाला सिद्ध करायचे?"

मी गणिताचा माणूस नव्हे. जन्मभर कारकुनी केली, वाचनाचा नाद तेवढा आहे. त्या दिवशी मी तिला "परीक्षेला विचारतात म्हणून" असे उत्तर दिले आणि त्याची नंतर मलाच लाज वाटली. मग घरी येऊन जुनी पुस्तके काढली. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यासमोर ठेवतो.

'पक्ष' आणि 'साध्य' हे दोन्ही शब्द न्यायशास्त्रातले आहेत. गौतमाच्या न्यायसूत्रांपासून चालत आलेल्या या शास्त्रात अनुमान कसे करावे, वाद कसा घालावा, समोरच्याचे म्हणणे कुठे घसरते हे कसे ओळखावे, याचा विचार आहे. १७व्या शतकात अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रह' नावाचे छोटे पुस्तक लिहिले, ते बालांना सुखाने कळावे म्हणून, असे त्यानेच आरंभी सांगितले आहे. पाठशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या ते शिकवले गेले.

न्यायातले ठरलेले उदाहरण असे आहे. दूरवर एक डोंगर दिसतो. त्यावर धूर दिसतो. आपण म्हणतो, तिथे विस्तव आहे. आता यात डोंगर हा 'पक्ष', विस्तव हे 'साध्य' आणि धूर हा 'हेतू'. म्हणजे पक्ष काय? ज्याच्या ठिकाणी साध्य आहे की नाही याची शंका आहे, ते ठिकाण. विस्तव डोळ्यांना दिसत नाही, डोंगर दिसतो. वाद डोंगराबद्दल चालला आहे.

हे वाचल्यावर माझी ५० वर्षांची वही एकदम उघडली. आमचा त्रिकोण म्हणजे तो डोंगर! त्याच्या दोन बाजू समान आहेत हे दिसलेले, म्हणजे धूर. त्याचे दोन कोन समान आहेत हे न दिसलेले, म्हणजे विस्तव. शाळेच्या पुस्तकाने डोंगर आणि धूर एकत्र करून दोघांना मिळून 'पक्ष' म्हटले, आणि 'हेतू' हा शब्द गळून पडला. त्याची जागा उजवीकडच्या कंसातल्या कारणाने घेतली. आठवते ना? प्रत्येक ओळीपुढे तीन टिंबे आणि कंसात (पक्ष), (व्युत्क्रम कोन), (बाकोबा कसोटी). बाकोबा, कोबाको, बाबाबा! घरी आम्ही ती यादी म्हणू लागलो की आजी विचारायची, ही कसली आरती?

न्यायशास्त्र पुढे जे सांगते ते मात्र आम्हांला शाळेत कुणी सांगितले नव्हते. धुरावरून विस्तव ओळखता येतो, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे विस्तव, हा नियम. याला 'व्याप्ती' म्हणतात. आता नियम उलटा करून पाहा. जिथे जिथे विस्तव तिथे तिथे धूर? नाही. लोहाराच्या भट्टीतला लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या. त्यात विस्तव आहे, धूर नाही. नैयायिकांनी हेच उदाहरण दिले आहे.

मग कधी कधी विस्तवाबरोबर धूर असतो तो का? तर सरपण ओले असते म्हणून. विस्तवावरून धूर सिद्ध करायचा असेल तर 'सरपण ओले आहे' ही जादा अट लागते. या लपलेल्या अटीला त्यांनी 'उपाधी' असे नाव दिले. पावसाळ्यात चुलीपुढे बसून फुंकणीने डोळे लाल करून घेणाऱ्या आमच्या आईला हे कुणी शिकवावे लागले नव्हते.

आणि सत्तरीकडच्या माणसाला आणखी एक सावधपण शिकवावे लागत नाही. पावसात डोंगराच्या कडेने पांढरे काही वर चढताना दिसले तर तो आधी विचारतो, धूर की धुके? हेतू पक्षावर खरोखर आहे का, हे पाहणे ही अनुमानाची पहिली पायरी.

आता भूमितीत या. १९७१ साल, आमच्या गावच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलातला नववीचा वर्ग. आयताचे कर्ण समान असतात हे आम्ही शिकलो होतो. सहामाहीत एक आकृती आली, तिचे कर्ण समान दिले होते, आणि मी बेधडक लिहून दिले की हा आयत आहे, कारण 'आयताचे कर्ण समान असतात'. पाचपैकी शून्य. मी तावातावाने सरांकडे गेलो. सर काही बोलले नाहीत. माझ्या बाकावरचाच एक मुलगा उठला आणि त्याने फळ्यावर एक चौकोन काढला. कर्ण अगदी समान, पण आकृती आयत नव्हे. वर्ग हसला, मी खाली बसलो.

चूक कुठे झाली होती ते आज न्यायाच्या भाषेत सांगता येते. मी विस्तव पाहून धूर सांगितला होता. तो चौकोन समांतरभुज आहे असे दिले असते, तर कर्ण समान असल्यावर तो आयत ठरलाच असता. 'समांतरभुज' ही अट म्हणजे ओले सरपण. ती आहे की नाही हे मी पाहिलेच नव्हते.

भाचीच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. उलट विधानाला आपण 'व्यत्यास' म्हणतो. व्यत्यास कधी खरा निघतो, कधी खोटा. मूळ प्रमेय सिद्ध झाले म्हणून त्याला फुकट प्रवेश नाही, त्याने स्वतःचे तिकीट काढले पाहिजे. युक्लिडने इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास आपला ग्रंथ रचला, त्यात पहिल्या खंडातले पाचवे प्रमेय समान बाजूंवरून समान कोन सांगते आणि लगेच सहावे त्याचा व्यत्यास सांगते. दोघांना वेगवेगळ्या सिद्धता आहेत.

सहाव्याची सिद्धता पाहण्यासारखी आहे. कखग या त्रिकोणात ख आणि ग हे कोन समान आहेत. समजा बाजू समान नाहीत, कख ही कग पेक्षा मोठी आहे. मग खक वर कग एवढाच तुकडा कापा, खघ. आता घखग आणि कगख हे दोन त्रिकोण पाहा. खघ आणि गक समान, खग दोघांचीही, मधले कोन समान. बाकोबा! दोन्ही त्रिकोण एकरूप ठरले. पण त्यातला एक तर दुसऱ्याचा नुसता तुकडा आहे. तुकडा संपूर्णाएवढा कसा असेल? म्हणजे 'बाजू समान नाहीत' हे मानणेच चुकले. युक्लिडच्या ग्रंथात अशी उलटून गाठणारी सिद्धता पहिल्यांदा येते ती इथेच.

आपण आज 'तर्क' हा शब्द अंदाजासाठीही वापरतो आणि सगळ्या युक्तिवादासाठीही. न्यायशास्त्रात 'तर्क' म्हणजे नेमके हेच: विस्तव नसता तर धूरही नसता, अशी विरुद्ध गोष्ट मानून तिचा अनिष्ट परिणाम दाखवणे. फरक एवढाच की नैयायिकांनी तर्काला प्रमाणाचा मदतनीस मानले, स्वतंत्र प्रमाण नव्हे. युक्लिडने त्याला पूर्ण सिद्धतेचा मान दिला.

'आपल्याकडे गणित होते, पण सिद्धता नव्हती' असे पुष्कळ लोक म्हणतात. तेही खरे नव्हे. आपला शब्द होता 'उपपत्ती'. भास्कराचार्यांनी ११५०च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त बजावले आहे की उपपत्तीवाचून गणकाला जाणत्यांच्या सभेत मान मिळत नाही आणि स्वतःच्या मनातलाही संशय फिटत नाही. इथे दोन गोष्टी आल्या, सभा आणि स्वतःचे मन. नैयायिकही अनुमानाचे असेच दोन भाग करतात, स्वतःसाठी केलेले आणि दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली, ती अशा उपपत्तींनी भरलेली आहे. त्याच शतकात केरळात ज्येष्ठदेवाने 'युक्तिभाषा' लिहिली, तीही संस्कृतात नव्हे, लोकांच्या मलयाळमात.

मात्र युक्लिडची घडण निराळी होती. आधी काही गोष्टी गृहीत म्हणून उघड मांडायच्या, मग एकावर एक प्रमेय रचत जायचे, आणि मागे सिद्ध झालेलेच पुढे वापरायचे. त्याची वाट आपल्या दारावरून गेली आहे. इटालीतले जेझुइट पाद्री मात्तेओ रिची रोममध्ये क्लाव्हियस या गणितज्ञाच्या हाताखाली शिकले आणि १५७८ मध्ये गोव्यात उतरले. इथल्या सेंट पॉल कॉलेजात ते शिकले, त्यांनी शिकवलेही. मध्ये काही काळ कोचीला काढून १५८२ मध्ये ते मकावला गेले. पुढे १६०७ मध्ये शू ग्वांगची या चिनी विद्वानाच्या साथीने त्यांनी युक्लिडचे पहिले सहा खंड चिनी भाषेत आणले. रिचींच्या पाठोपाठ १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले. एकाच काळात एकाच गावात असलेल्या या दोघांपैकी एकाने चिन्यांना भूमिती दिली, दुसऱ्याने आम्हांला ओव्या दिल्या. दोघांनीही स्थानिक भाषा मनापासून शिकून घेतली, हे मला विशेष वाटते.

युक्लिड संस्कृतात आला तो उत्तरेकडून. जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या सम्राट जगन्नाथ या पंडिताने १८व्या शतकाच्या पूर्वार्धात अरबीवरून 'रेखागणित' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात युक्लिडचे श्रेय युक्लिडला नाही. हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, पुढे लुप्त झाले, आणि राजाच्या आज्ञेने पुन्हा प्रकट झाले, असे आरंभी म्हटले आहे. मराठी शाळेपर्यंत भूमिती पोचायला आणखी १०० वर्षे जावी लागली. १८२०च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींना हाताशी धरून इंग्रजी गणिताचे ग्रंथ मराठीत आणले. पक्ष, साध्य, हेतू हे शब्द अशा शास्त्र्यांच्या रोजच्या तोंडचे होते. बालभारतीच्या पुस्तकांत पक्ष आणि साध्य अजूनही आहेत. ग्रीक विचार, अरबांच्या हातून आलेला, आणि त्याच्या अंगावर न्यायशास्त्राचे कपडे, असा आमच्या नववीच्या वहीचा वंशवृक्ष आहे.

एका ठिकाणी मात्र ते कपडे नीट बसत नाहीत. न्यायाच्या पाच पायऱ्यांत, म्हणजे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन यांत, उदाहरणाला मानाची जागा आहे: जसे स्वयंपाकघर, तिथे धूरही असतो आणि विस्तवही. गणितात उदाहरण समजुतीला मदत करते, सिद्ध काही करत नाही. शाळेत आम्ही कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर जुळवायचो आणि १८० अंश झाले म्हणून टाळ्या वाजवायचो. ते पाहणे झाले, सिद्धता नव्हे.

शंका असेल तर हे करून पाहा. कोणतीही संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा आणि वर ४१ मिळवा. १ घेतला तर ४३, २ घेतले तर ४७, ३ घेतले तर ५३. सगळ्या मूळ संख्या. असे ३९ पर्यंत करत जा, प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळते. कुणीही म्हणेल, नियम सापडला. आणि ४० घेतले की १६८१ येतात, म्हणजे ४१ गुणिले ४१. ओळीने ३९ उदाहरणे बाजूने उभी राहिली तरी नियम सिद्ध झाला नाही, आणि एका उदाहरणाने तो पडला.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना थोडा संकोच वाटतो. फळ्यावर तो चौकोन काढणारा माझा बाकसोबती पुढे माझा जिवलग झाला. आम्ही एकाच वाचनालयातली मराठी पुस्तके वाचून मोठे झालो. १९८५ नंतर राजभाषेचे आंदोलन पेटले, तेव्हा तो कोकणीच्या बाजूने उभा राहिला. मी मराठीच्या. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला आणि आमचे बोलणे थांबले. तब्बल ११ वर्षे.

तेव्हा गावोगावी काय चालले होते ते आठवा. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात विलीनीकरण मागणारे बहुतेक लोक मराठीवर प्रेम करणारे होते. त्यावरून समोरच्यांनी म्हटले, जो मराठीवर प्रेम करतो तो विलीनीकरणवादी. कौल लागून २० वर्षे झाली तरी हा शिक्का पुसला जात नव्हता, आणि आम्हांला त्याचा संताप यायचा. पण आम्ही काय वेगळे केले? मराठीचा दुस्वास करणारे जे कुणी भेटले ते कोकणीवादी होते, म्हणून जो कोकणीवादी तो मराठीचा दुस्वास करणारा. दोन्हीकडे विस्तवावरून धूर सांगणे चालले होते. सरपण ओले आहे की सुके, हे चुलीजवळ जाऊन कुणी पाहिले नाही.

मीही पाहिले नाही. माझा हा मित्र त्या ११ वर्षांत दर दिवाळीला मराठी दिवाळी अंक विकत घेत होता, हे मला नंतर त्याच्या घरी कपाटात रचलेले अंक पाहून कळले. नैयायिकांची एक शिस्त होती. आपले म्हणणे मांडण्याआधी 'पूर्वपक्ष' मांडायचा, म्हणजे समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचे. मला ११ वर्षांत त्याचा पूर्वपक्ष एकदाही मांडता आला नसता.

म्हणून मला वाटते की नववीतले ते 'उलटे पुन्हा कशाला सिद्ध करायचे' हे प्रकरण परीक्षेपुरते नाही. त्रिकोणावर मुलाने चूक केली तर पाच गुण जातात. तीच सवय घेऊन तो मोठा झाला तर माणसे जातात. आणि ही गोष्ट शिकवायला त्रिकोणासारखी सोयीची जागा नाही, कारण त्रिकोणाला जात नाही, धर्म नाही, भाषाही नाही. तिथे चूक कबूल करताना कुणाचा अपमान होत नाही. मी तेव्हा शून्य घेऊन खाली बसलो, तसा मोठेपणी एकदाही बसलो नाही.

हा लेख लिहिण्याआधी मित्राला फोन केला. म्हटले, तू फळ्यावर समद्विभुज समलंब चौकोन काढला होतास, आठवते का? तो म्हणाला, "समलंब सरांनी मागाहून काढला रे. मी पतंग काढला होता. दोन सारख्या काड्या एकमेकींवर काटकोनात आडव्या ठेवून." मी कागदावर काढून पाहिले. त्याचे बरोबर होते. कर्ण समान, आणि आयताशी काही संबंध नाही. ५० वर्षे मी त्याचा चौकोनही चुकीचाच आठवत होतो.

भाचीच्या मुलीला मी पुढच्या खेपेस डोंगर, धूर आणि लोखंडाचा गोळा सांगितला. तिने ऐकून घेतले. मग वहीत इंग्रजी 'गिव्हन'च्या शेजारी शिसपेन्सिलीने लहान अक्षरात 'डोंगर' असे लिहिले, आणि विचारले की ओल्या सरपणाला इंग्रजीत काय म्हणतात. ते मी अजून शोधतो आहे. आपल्यापैकी कुणी गणित शिकवत असेल तर वर्गात हे एकदा करून पाहावे, आणि आपल्या वहीत पक्ष, साध्य होते की आणखी काही, तेही आठवून पाहावे.